गिटची मॅन पेजेस नवशिक्यांसाठी बदलावीत का?

कोरीपाटी (मूळ लेखन)

परवा प्रयोगशाळेत दुसऱ्या वर्षाच्या एका विद्यार्थिनीने गिट या कोडच्या आवृत्त्या जपणाऱ्या साधनात 'गिट रिसेट --हार्ड' ही कमांड दिली आणि सकाळपासून लिहिलेला कोड नाहीसा झाला. विशेष म्हणजे, कमांड देण्यापूर्वी तिने मॅन पेज, म्हणजे त्या कमांडचे अधिकृत माहितीपान, वाचले होते. त्यात इंडेक्स (पुढच्या नोंदीसाठी निवडलेले बदल ठेवण्याची जागा) आणि वर्किंग ट्री (आपण ज्यांवर काम करतो त्या फायली) रिसेट होतात हे आधी येते आणि केलेले बदल टाकून दिले जातात हे त्यानंतर; इंडेक्स म्हणजे काय हेच जिला ठाऊक नाही, ती पहिल्याच वाक्याला अडखळते. त्यातही या इंडेक्सला कुठे स्टेजिंग एरिया म्हणतात, तर कुठे कॅश. फरक दाखवणाऱ्या 'गिट डिफ'ला --स्टेज्ड चालते आणि --कॅश्डही चालते, फाइल काढून टाकणाऱ्या 'गिट आरएम'ला मात्र फक्त --कॅश्ड.

माझे म्हणणे एवढेच, की पर्यायांच्या यादीआधी नेहमीच्या वापराची दोन-तीन उदाहरणे द्यावीत आणि ज्या कमांडने काम पुसले जाऊ शकते, तिथे परिणाम आधी सांगून संज्ञा मागाहून आणाव्यात.

जुना_टर्मिनल

सहमत नाही. मॅन पेज हा शब्दकोश आहे, अंकलिपी नव्हे. नाव, वापर, वर्णन हा त्याचा साचा १९७१ सालच्या पहिल्या युनिक्स मॅन्युअलपासून चालत आला आहे, आणि तो टिकला याचे कारण रात्री दोन वाजता सर्व्हर बंद पडलेला असताना हवा तो पर्याय कुठे सापडेल हे आमच्यासारख्यांना न शोधता कळते. नवशिक्यांसाठी 'गिट हेल्प ट्युटोरियल' आणि 'गिट हेल्प एव्हरीडे' ही पाने गिटसोबतच येतात. केवळ उदाहरणेच हवी असतील, तर टीएलडीआर हा प्रकल्प २०१३ पासून तेच काम करत आहे. शिवाय सोपे करण्याच्या नादात खोटे सांगितले जाते. 'गिट पुल म्हणजे नवा कोड आणणे' असे शिकलेला मुलगा पहिल्या मर्ज कॉन्फ्लिक्टला (दोघांचे बदल एकमेकांशी जुळत नाहीत तेव्हा) गडबडतो, कारण पुल म्हणजे फेच, म्हणजे आणणे, आणि त्यापाठोपाठ मर्ज (किंवा रिबेस), म्हणजे आपल्या कामाशी जोडणे, हे त्याला कुणी सांगितलेलेच नसते.

कोरीपाटी

खोटे सांगा असे मी म्हटलेले नाही. ट्युटोरियलचे पान आहे हे ज्याला माहीत असते, तो बहुधा नवशिका उरलेला नसतो. बाकीचे शोधयंत्रातून थेट 'रिसेट'च्या पानावर उतरतात. आणि शब्दकोशातही अवघड शब्दाचा अर्थ त्याहून अवघड शब्दांत देत नाहीत.

घाटमाथा

आपण दोघेही दोष लेखनात शोधता आहात, मला तो कमांडमध्येच दिसतो. 'चेकआउट' ब्रँच (कोडची वेगळी शाखा) बदलते आणि फायलीतील बदलही पुसते. हे कितीही सुबोध लिहिले तरी घोळ व्हायचाच. ऑगस्ट २०१९ मध्ये गिट २.२३ ने ब्रँच बदलण्यासाठी 'स्विच' आणि फायलींसाठी 'रिस्टोर' अशा दोन वेगळ्या कमांड आणल्या, तेव्हा कुठे स्पष्टीकरण आपोआप लहान झाले. जे एका वाक्यात सांगता येत नाही, त्याची रचनाच आधी तपासावी असे माझे मत आहे.

राहता राहिला त्या विद्यार्थिनीचा कोड. कमिट केलेले, म्हणजे गिटमध्ये नोंदवलेले काम 'रिफ्लॉग' या गिटच्या हालचालींच्या नोंदवहीतून परत मिळते. कोणत्याही ब्रँचवर न उरलेल्या कमिटची नोंद तिथे मूळ सेटिंगनुसार तीस दिवस राहते. केवळ 'गिट अ‍ॅड' करून इंडेक्समध्ये घातलेल्या फायलींचा मजकूर गिटचा साठा तपासणाऱ्या 'गिट एफएससीके --लॉस्ट-फाउंड'ने बहुधा सापडतो. अ‍ॅडही केलेले नसेल, तर गिटकडे काहीच नसते. ही माहिती --हार्डच्या लगतच असायला हवी.

जुना_टर्मिनल

ही भर मला मान्य आहे, कारण ती समजूत घालत नाही, नेमके काय होते ते सांगते. उदाहरणे मात्र तळाशीच राहू द्यावीत. रोज वापरणाऱ्याने दरवेळी ती ओलांडून पुढे का जावे?

कोरीपाटी

घाटमाथा, आज सकाळी तिला शेजारी बसवून एफएससीके चालवले. तीनपैकी दोन फायली मिळाल्या, पण नावाच्या जागी चाळीस अक्षरांचा हॅश (मजकुरावरून गिटने बनवलेला संकेतांक) होता, त्यामुळे एकेक उघडून ओळखावी लागली. तिसऱ्या फायलीतील बदल तिने अ‍ॅड केलेच नव्हते. ते ती आता पुन्हा लिहिते आहे.