चाळिशीनंतरचा व्यायाम: सुरू कसा करायचा, टिकवायचा कसा?

पायवाट:
रथसप्तमी आली की शाळेच्या मैदानावरचे सामूहिक सूर्यनमस्कार आठवतात. यंदाही सोसायटीच्या ग्रुपवर "चला, १०८ घालूया" सुरू झालंय. वर्षभर खुर्चीत बसलेल्या पंचेचाळिशीच्या माणसाने एका सकाळी १०८ घातले, तर दुसऱ्या दिवशी जिना कठडा धरूनच उतरतो आणि फाल्गुन लागेपर्यंत सतरंजी कपाटात जाते. म्हणून हा धागा. "माझं आयुष्य कसं बदललं" वगैरे नको. काय करायचं, किती करायचं आणि कुठे चुकतं, तेवढं नेमकं लिहा.

सुरुवात करतो. पहिल्या आठवड्यात एकाआड एक दिवस ४ नमस्कार. दर आठवड्याला २ वाढवा, म्हणजे पाचव्या आठवड्यात १२ होतात. एक नमस्कार निदान अर्धा मिनिट चालला पाहिजे. घाई नको, कारण स्नायू दोन-तीन आठवड्यांत सरावतात पण कंडरांना (स्नायू हाडाला बांधणाऱ्या दोऱ्यांना) रक्तपुरवठा कमी, त्यांना काही महिने लागतात. "आता जमतंय" असं वाटून आकडा दुप्पट केला की नेमका तेव्हाच खांदा नाहीतर टाच धरते.

ओलीभेळ:
मनगट दुखतं त्यांच्यासाठी: तळव्याच्या टाचेवर सगळा भार येतो म्हणून दुखतं. बोटं पसरा आणि बोटांच्या मुळाशी दाब द्या, तर्जनीच्या बाजूला जास्त. तरी दुखलं तर मुठी करून टेका.
कुकर लावलाय, बाकीचं नंतर.

घाटमाथा:
+१. भुजंगासनात कंबर मोडून वर येऊ नका. छाती पुढे ओढा, नितंब आवळा, कोपरं किंचित वाकलेली ठेवा. आणि पाय पुढे घेताना तो हातांच्या मध्ये पोचत नसेल तर ओढाताण नको. हाताखाली दोन जाड पुस्तकं ठेवा. जुन्या दिवाळी अंकांचा गठ्ठा उत्तम.

निळीछत्री:
घाटमाथा, दिवाळी अंक पायदळी?? 😀

घाटमाथा:
हातदळी हो ताई. पाय लागत नाही.

डबाऐनवेळी:
सूर्यनमस्कारात एक मोठी उणीव आहे. ढकलणं आहे, ओढणं अजिबात नाही. पाठीच्या वरच्या भागाला काही मिळत नाही आणि ऑफिसात वाकलेले खांदे तसेच राहतात. उपाय: जुन्या दप्तरात ५ किलो तांदळाची पिशवी घाला, एक हात टेबलावर टेका, पाठ सपाट ठेवून दुसऱ्या हाताने दप्तर कमरेकडे ओढा. कोपर मागे गेलं पाहिजे, खांदा कानाकडे जाता कामा नये. प्रत्येक बाजूला १० वेळा, तीन फेऱ्या.

जोर जमत नसतील तर आधी स्वयंपाकाच्या ओट्यावर हात टेकून मारा. सलग १२ च्या तीन फेऱ्या न थरथरता झाल्या की खाटेच्या कडेवर या, मग जमिनीवर. गुडघे टेकून मारण्यापेक्षा हा क्रम बरा, कारण धड सुरुवातीपासून सरळ राहायला शिकतं. बैठकांना खुर्ची घ्या, पण भिंतीला टेकवून. उतरताना तीन आकडे मोजा, धप्पकन बसू नका. चाकाची खुर्ची तर अजिबात नको.

सदाफुली४८:
पाळी जाण्याच्या वयातल्या बायकांसाठी खास: नुसतं चालणं पुरत नाही. हाडांना वजन लागतं, म्हणून डबाऐनवेळी यांचं दप्तर आठवड्यातून दोनदा तरी. उड्या मारताना, शिंकताना लघवी निसटते म्हणून कित्येक जणी व्यायामच सोडतात आणि कुणाला सांगतही नाहीत. वजन उचलताना श्वास रोखून धरू नका, सोडत सोडत उचला. ओटीपोटाच्या तळाचे स्नायू ५ सेकंद वर ओढून धरा, ५ सेकंद पूर्ण सोडा, असं १० वेळा, दिवसातून तीनदा. पूर्ण सोडणं विसरलात तर उपयोग नाही. परिणाम दिसायला तीनेक महिने लागतात. फरक नाही पडला तर या विषयातल्या फिजिओकडे जा, लाजू नका.

ओलीभेळ:
सदाफुली, हे कुणीतरी लिहायला हवं होतं. 🙏

गोडबंद:
मधुमेहवाल्यांनो, इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी चालू असेल तर रिकाम्या पोटी टेकडी नको. साखर उतरते. खिशात तीन चमचे साखरेची पुडी ठेवा. हातपाय थरथरले, घाम फुटला तर थांबा, साखर खा आणि १५ मिनिटांनी परत तपासा. घरी आल्यावर तळपाय बघायचे, बोटांच्या बेचक्यांसकट. खांदा आखडला असेल (आपल्यात हे जास्त होतं) तर हात जबरदस्तीने वर नेऊ नका.

टेकडीटपाल:
टेकडीबद्दल. पुण्यातली वेताळ टेकडी असो की तळजाई, चढताना दम लागतो पण गुडघ्याला त्रास होतो तो उतरताना, कारण मांडीचे स्नायू ताणले जाता जाता भार झेलतात. पावलं लहान टाका, गुडघा किंचित वाकलेला ठेवा, मुरुमावर नागमोडी उतरा. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मांड्या भरून आल्या तर घाबरू नका, ते ओसरतं. एकाच जागी टोचणारं, सांध्यातलं किंवा झोपेतून उठवणारं दुखणं असेल तर मात्र दाखवा.
वेग किती? बोलता आलं पाहिजे, गाता येऊ नये. हा मध्यम व्यायाम. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या शिफारशीत तो आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं आहे, शिवाय दोन दिवस ताकदीचा. १०,००० पावलांचा आकडा १९६५ च्या सुमाराच्या एका जपानी पाऊलमापकाच्या नावातून आलाय, तो गाठला नाही म्हणून रात्री अकराला हॉलमध्ये येरझाऱ्या घालू नका.

निळीछत्री:
शेवटची ओळ माझ्या नवऱ्याला फॉरवर्ड केली.

संत्रीगल्ली:
नागपुरात मे महिन्यात टेकडी कुठली न् काय. साडेसहाच्या आत संपवा नाहीतर घरात जिना चढा. 

बर्फाततिळगूळ:
न्यू जर्सीत उलटं आहे बाबा. जानेवारीत पाचच्या सुमारास अंधार पडतो. तळघराचा जिना: ५ मिनिटं चढउतार, १ मिनिट थांबा, असं तीनदा. मोजे घालून चढू नका, लाकडी पायरीवरून घसरतं.

पायवाट:
छान चाललंय. टिकवण्याबद्दल पण लिहा कुणी.

अर्धाकप:
प्रेरणेवर विसंबू नका, खुंटी शोधा. रोज न चुकता घडणाऱ्या गोष्टीला व्यायाम टांगा: दूध तापायला ठेवलं की ओट्यावर जोर (दूध उतू गेलं तर जबाबदारी तुमची). "सकाळी करेन" हे ठरवणं नव्हे, "दात घासल्यावर बाल्कनीत" हे ठरवणं.

२१ दिवसांत सवय लागते यावर विश्वास ठेवू नका. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या अभ्यासात सरासरी ६६ दिवस आले, आणि माणसागणिक १८ पासून अंदाजे २५४ पर्यंत. त्यातच दिसलं की एखादा दिवस चुकल्याने विशेष बिघडत नाही. म्हणून नियम एवढाच: सलग दोन दिवस चुकवायचे नाहीत. कंटाळा आला तर निव्वळ ५ मिनिटांचा प्रकार ठरवून ठेवा, तोही हजेरीत धरा. लग्नसराई, गणपती, मुलांच्या परीक्षा यांत गाडी रुळावरून उतरणारच. आठवडाभर खंड पडला तर परत येताना निम्म्यावरून सुरू करा. जिथे सोडलं तिथूनच धरायला गेलं की दुखापत होते, आणि मग खरा खंड पडतो.

सदाफुली४८:
वजनकाट्यावर रोज उभं राहू नका हेही लिहा. पहिले काही आठवडे तो हलत नाही. त्याऐवजी खुर्चीतून ३० सेकंदांत हात न लावता किती वेळा उठता ते महिन्यातून एकदा मोजा.

गोडबंद:
आणि सुरू करण्याआधी बीपी, साखर बघा. घरात कमी वयात हृदयविकार असेल तर डॉक्टरांना विचारा. छातीत दाब, जबड्यात किंवा डाव्या हातात कळ आली तर "गॅस असेल" म्हणायचं नाही, थांबायचं आणि दवाखाना गाठायचा. काचबिंदूवाल्यांनी डोकं खाली जाणारी आसनं विचारूनच.

डबाऐनवेळी:
प्रथिनांचं कुणीच बोललं नाही. या वयात किलोमागे १ ते १.२ ग्रॅम लागतात, म्हणजे ६० किलोच्या माणसाला ६० ते ७२. वाटीभर वरणात ६-७ येतात, अंड्यात ६. ३० ग्रॅम कोरड्या सोयावड्यांत १५ च्या आसपास. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर मात्र आधी विचारा.

संत्रीगल्ली:
सोयावड्यांना वास येतो राव.

ओलीभेळ:
मिठाच्या पाण्यात उकळा, पिळा, गार पाण्यात परत धुवा, परत पिळा. मग आलं-लसूण लावून रश्शात. पाणी नीट पिळलं नाही तरच वास राहतो.

निळीछत्री:
सावजी मसाला घाला, मग वासच काय, काहीच कळणार नाही.

संत्रीगल्ली:
आमच्या सावजीत सोयावड्या? ताई, धागा बंद करा आता.