रुडॉल्फसारखी बाहुलीफिल्म: गंज, ओलं मीठ आणि लुकलुकणारं चित्र

प्रश्न: नाताळसाठी वेंगुर्ल्यात मुलांसोबत १ मिनिटाची स्टॉप मोशन फिल्म (बाहुली थोडी थोडी हलवत एकेक फोटो काढून केलेली) करतोय, १९६४ च्या 'रुडॉल्फ द रेड-नोज्ड रेनडिअर' या अमेरिकन टीव्ही बाहुलीफिल्मच्या धर्तीवर. लोखंडी तारेचा सांगाडा गंजला, रेनडिअर उभा राहत नाही, बर्फ म्हणून पसरलेल्या मिठाला पाणी सुटतं, चित्र लुकलुकतं. काय बदलू?

प्रतिसाद १: मूळ बाहुल्या लाकूड, तार, कापड, चामडं यांच्या होत्या. काम टोकियोत, जपानी ॲनिमेटर तादाहितो मोचिनागांच्या स्टुडिओत झालं. तुम्ही दीड मिमीची ॲल्युमिनियमची तार घ्या, दुहेरी करून पीळ द्या. गंजणार नाही. तुटेल मात्र, आणि तुटेल ती मान किंवा घोट्याशीच, कारण वाक तिथेच पुन्हा पुन्हा पडतो. म्हणून पाय बदलता येतील असे ठेवा. डोकं सावंतवाडीच्या चितारआळीतल्या खेळण्यांसारखं लाकडी, पण आतून पोखरलेलं हवं. जड डोक्याने मान हळूहळू खाली येते आणि ते फिल्म पाहतानाच कळतं.

खुरात एम-सीलने नट बसवा, प्लायला भोकं पाडून खालून स्क्रू आवळा. हे केलंत की अर्धी डोकेदुखी गेली. मीठ हवेतला ओलावा ओढतं, ते काढाच. कापूस फेविकॉलने चिकटवा. थर्माकोलचे दाणे नकोत, पंख्याने हलतात.

प्रतिसाद २: लुकलुकण्याची कारणं तीन. फोन दर फोटोला एक्स्पोजर (फोटोत येणारा उजेड) बदलतो: एक्स्पोजर, फोकस, व्हाइट बॅलन्स (रंगछटा) तिन्ही लॉक करा. खिडकीतलं ऊन सरकतं: काळा पडदा लावा. व्होल्टेज खालीवर होतं: बॅटरीवरचा एलईडी वापरा. घरच्या विजेवरचाच दिवा असेल तर शटर १/२५ सेकंद उघडं ठेवा. कपडेही गडद घाला, पांढऱ्या शर्टाचा उजेड सेटवर पडतो.

प्रश्नकर्ता: आवाज नंतर भरला तर चालेल?

प्रतिसाद ३: नको. 'रुडॉल्फ'चे आवाजही आधी टोरोंटोत ध्वनिमुद्रित झाले, बाहुल्या त्यावर हलवल्या. सेकंदाला १२ फोटो काढा, फिल्ममध्ये प्रत्येक दोनदा दाखवा. म्हणजे मिनिटाचे ७२०. मिनिटाला २ काढले तरी ६ तास. आधी आवाज ऐकून कोणतं अक्षर कितव्या फोटोवर येतं ते कागदावर मांडा.

गोष्टही तपासा. 'रुडॉल्फ'मध्ये कुणालाच नकोशी झालेली खेळणी आहेत. १९६४ च्या प्रक्षेपणात सांता त्यांना घ्यायला आल्याचं दाखवलंच नव्हतं. प्रेक्षकांनी पत्रं लिहिली, तेव्हा १९६५ मध्ये तो प्रसंग घातला. तुमचा सेट मोडण्याआधी पटकथेतलं प्रत्येक पात्र शेवटी कुठे पोचलं ते बघून घ्या.