नोटिशीतलं 'प्रेझेंटली'

सेक्रेटरी: नोटीस. वॉटर सप्लाय इज प्रेझेंटली क्लोज्ड. टँकर विल कम प्रेझेंटली. सर्व सभासदांनी नोंद घ्यावी.

ए-३०२ काकू: पाणी बंद आहे ते नळ सोडल्यावर कळलंच. टँकर आत्ता येणार का नंतर, तेवढं मराठीत सांगा की.

बी-१०४: काकू, प्रेझेंटली म्हणजे सध्या. टँकर आलाच समजा, उतरा खाली.

ए-३०२ काकू: उतरले होते. गेटवर वॉचमन सोडून कुणी नाही.

सी-२०१ सर: इंग्रजी चुकलेलं नाही. एकाच शब्दाचे दोन अर्थ लागोपाठ आलेत. क्रियापद बघा. 'इज' असेल तर 'सध्या', 'विल' असेल तर 'थोड्या वेळाने'.

बी-१०४: शाळेत एकच शिकवलेला सर 😅

सी-२०१ सर: 'सध्या' हा अर्थ अमेरिकेत आणि स्कॉटलंडमध्ये सर्रास चालतो. इंग्लंडातले जुन्या वळणाचे लोक त्यावर नाक मुरडायचे, त्यांच्या लेखी 'थोड्या वेळात' हाच खरा. आणि शेक्सपिअरच्या नाटकांत बऱ्याच ठिकाणी तो चक्क 'ताबडतोब' या अर्थी येतो! लोक ताबडतोब म्हणत राहिले आणि उशीर करत राहिले, तसा शब्द ढिला पडला. 'सून'चंही तेच झालं, तोही मूळचा 'लगेच'च.

ए-३०२ काकू: म्हणजे आमच्या ह्यांचं 'आलोच'.

बी-४०१: सर, मुलाच्या बायोडेटात 'प्रेझेंटली वर्किंग इन पुणे' आहे. नोकरी अजून लागायचीय असं वाटेल का?

सी-२०१ सर: छे, तिथे 'सध्या'च. शंका नको असेल तर 'करंटली' लिहा. भूतकाळात मात्र सांभाळा. 'प्रेझेंटली ही लेफ्ट' म्हणजे 'थोड्या वेळाने तो निघून गेला'.

सी-३०३: उजनी भरो नाहीतर आटो, आमच्या नळाला पाणी दिवसाआडच. शिकवणी नंतर घ्या सर, आधी टँकरची वेळ टाका कुणीतरी.

सेक्रेटरी: फोन केला. 'निघालोच' म्हणतोय.

सी-२०१ सर: हेच ते प्रेझेंटली.

सेक्रेटरी: परत विचारलं. होटगी रोडवर दुसऱ्या सोसायटीत पाणी सोडतोय. साडेसहा धरा. आधी बी विंगची टाकी भरेल, तोवर ए विंगने मोटर लावू नये.

ए-३०२ काकू: आधी बी का? मागच्या वेळी पण बीच होती.