अनुभव सांगा: आवाज न करणारा, न तापणारा लॅपटॉप

मी घरी कथांचं अभिवाचन रेकॉर्ड करते. रात्री अकरानंतर, खालची वर्दळ थांबली की. माईक बरा आहे, पडदे जाड आहेत, पण तिसऱ्या मिनिटाला लॅपटॉपचा पंखा लागतो आणि प्रत्येक वाक्यामागे 'घूंऽऽ'. दुकानात विचारलं तर, "मॅडम, सगळ्यांचा तेवढा येतोच." ज्यांनी शांत लॅपटॉप शोधून घेतला (किंवा जे फसले) त्यांनी लिहा. जाहिरात नको, वापरून काय झालं ते हवं.

खटपट्या
रॅम नंतर, आधी प्रोसेसरच्या नावातलं शेवटचं अक्षर बघा. इंटेलमध्ये 'यू' म्हणजे साधारण १५ वॉटचा, 'एच' म्हणजे २८ ते ४५ वॉटचा. खाल्लेली वीज शेवटी उष्णताच होते, ती बाहेर टाकायला पंखा. अर्थात १५ हे कागदावर; जोर लावताना 'यू'वालाही त्याच्या दुप्पट-तिप्पट ओढतो. मी अक्षर न बघता लेकीला गेमिंगचा घेऊन दिला. तिने ऑटोकॅड उघडलं की आई आतून विचारायची, "मिक्सर कुणी लावलाय रे?"

वऱ्हाडी माणूस
आमच्या अकोल्यात मे महिन्यात पारा ४४-४५. खोलीतच अडतीस असल्यावर पंखा काय थंड करन राजेहो? तो खोलीचीच हवा आत ओढते. त्यात मी गादीवर घेऊन बसायचो, खालची जाळी गोधडीनं बंद. एक दिवस कीबोर्डच्या वरच्या पट्टीवर बोट टेकलं अन् चटकन मागं घेतलं. आता टेबलावर ठेवतो, मागच्या दोन पायांखाली कॅरमच्या दोन-दोन सोंगट्या. खर्च शून्य. कॅरम मात्र बंद हाय.

शाईपेन
२०२० च्या नोव्हेंबरमध्ये आलेला, ॲपलच्या एम१ चिपचा मॅकबुक एअर वापरते. पंखाच नाही, त्यामुळे आवाजाचा प्रश्नच मिटला. पण पंखा नसलेलं कुठलंही मशीन तापलं की आपला वेग उतरवतं. लग्नाचे तासन्‌तासाचे व्हिडिओ एडिट करणाऱ्यांनी या वाटेला जाऊ नये. तुमच्या कामाला चालेल.

ठाणेकर
नवा घ्यायच्या आधी आहे तो उघडून घ्या. माझा पाच वर्षांचा होता, सुरू केल्याकेल्या घरघरायचा. दुरुस्तीवाल्याने खालचं झाकण काढलं. पंखा आणि तांब्याच्या नळीच्या टोकाची जाळी यांच्यामध्ये धुळीचा थर, चिमटीत धरून त्याने दुधावरच्या सायीसारखा अख्खा उचलला. त्यात आमच्या मांजरीचे केस मी ओळखले. प्रोसेसरची उष्णता नळीकडे नेणारी पेस्ट खडूसारखी भुसभुशीत. ब्लोअर मारताना त्याने पंख्यात काडी अडकवली होती. भलत्या वेगात फिरला तर बेअरिंग जातं म्हणे. घरी करणाऱ्यांनी लक्षात ठेवा.

खटपट्या
ताई, एक फुकटचा उपाय राहिला. विंडोज असेल तर पॉवर ऑप्शन्समध्ये 'मॅक्झिमम प्रोसेसर स्टेट' १०० चं ९९ करा. टर्बो, म्हणजे प्रोसेसर जोर लावताना आपोआप वाढवतो तो वेग, बंद होतो; वाचन-रेकॉर्डिंगला फरक कळत नाही. काही नव्या मशीनवर हा पर्याय लपवलेला असतो.

निशाचर
माझ्याकडे पंखा शांत, पण चार्जर लावला की बारीक 'चींऽ'. ती आतल्या कॉइलची, म्हणजे तारेच्या वेटोळ्याची. दुकानाच्या गलक्यात ऐकूच येत नाही. मी कान लावून बघायला मागितलं तर सेल्समन हसला, म्हणून राहू दिलं. नको होतं राहू द्यायला.

धागाकर्ती
९९ करून काल बसले. बारा मिनिटं पंखा लागला नाही! मग हेडफोन लावून ऐकलं तर मागे बारीक 'चींऽ'. चार्जर काढला, गेली. म्हणजे ती आधीपासून होतीच, पंख्याखाली दबलेली. आज बॅटरीवर किती कथा होतात बघते. झाकण शनिवारी उघडून घेणार आहे. मांजर आमच्याकडेही आहे.