शब्दचर्चा: ‘असावी’ म्हणजे आहे, की ठेवायची?

विश्रामबागकर (सांगली): डेबियन या लिनक्स संगणक-प्रणालीचं पॅकेजिंग धोरण, म्हणजे प्रोग्रामांची पॅकेजं कशी बांधायची याचे नियम, पोरांसाठी मराठीत उतरवतोय. कुठली फाइल कुठं ठेवायची हे सांगणाऱ्या फाइल-रचनेच्या मानकाची 2004 ची 2.3 आवृत्ती सोडून ते आता 2015 च्या 3.0 वर चालतं. मसुद्यातलं एक वाक्य: ‘पीआयडी फाइल /रन मध्ये असावी.’ (चालू प्रोग्रामचा क्रमांक टिपणारी ती पीआयडी फाइल; /रन हा फोल्डर.) एक पोरगा म्हणाला, “सर, म्हणजे कुठं आहे ते नक्की माहीत नाही का?”

पोवईनाका (सातारा): बरोबर बोलला. ‘बाबा शेतात असावेत’ म्हणतो तेव्हा आपण अंदाजच करतो. ‘ठेवावी’ लिहा, अंदाज गेला.

निवृत्त कारकून (सातारा): जरा थांबा. सरकारी पत्रात ‘कार्यवाही करावी’ आलं की तो आदेश असतो. ‘ठेवावी’ वाचून मी तरी हुकूमच समजेन. तुमच्यात हुकूम कुठला आणि शिफारस कुठली?

विश्रामबागकर: काका, मुख्य तीन पायऱ्या आहेत. ‘मस्ट’ मोडला तर पॅकेज पुढच्या स्थिर आवृत्तीतून गळू शकतं. ‘शुड’ मोडला तरी दोष नोंदवतात, पण त्यापायी सहसा काही अडत नाही. मॅन पेज, म्हणजे प्रोग्राम कसा वापरायचा ते सांगणारं पान, नसलं तर तसंच. ‘मे’ म्हणजे मर्जी. उदाहरणार्थ, 3.0 मुळं /यूएसआर/लिबएक्झेक हा फोल्डर वापरायची सोय झाली. माणसानं थेट न चालवायचे, दुसऱ्या प्रोग्रामनं आतून बोलवायचे प्रोग्राम तिथं जातात. पूर्वी ते /यूएसआर/लिब खाली असत, आजही चालतात. तिथं ‘ठेवावेत’ लिहिलं तर सगळी जुनी पॅकेजं उगाच गुन्हेगार.

कराडकर: मग मुभेला ‘ठेवता येतील’. पीआयडी फाइलला मानकात ‘मस्ट’च आहे, तिला ‘ठेवलीच पाहिजे’. आमच्याकडं ‘पायजेल’ म्हटलं की पळवाट संपली, पण ते छापू नका.

पोवईनाका: आणि ‘शुड’ला ‘शक्यतो’?

कराडकर: लई पातळ. ‘शक्यतो डबा आणा’ म्हटल्यावर कोण आणतंय!

निवृत्त कारकून: ‘अपेक्षित आहे’ घ्या. परिपत्रकात त्याचा अर्थ ठरलेला: केलं नाही तर विचारणा होते, निलंबन होत नाही.

विश्रामबागकर: झकास. ‘प्रत्येक प्रोग्रामसोबत मॅन पेज असणे अपेक्षित आहे.’ आता ‘मस्ट नॉट’ राहिलं. ‘ठेवू नये’?

निवृत्त कारकून: ‘ठेवता कामा नये.’ नुसतं ‘नये’ एसटी स्टँडच्या भिंतीवर असतं. त्या भिंतीचे रंग बघून या.