बाकूचा हॉल आणि वरून फिरणारे ड्रोन: जगज्जेतेपदाच्या साखळीतल्या स्पर्धा अशा ठिकाणी द्याव्यात का?

शेवटचं_प्यादं:
बरेच दिवस डोक्यात घोळतंय, आज लिहूनच टाकतो. १० ऑक्टोबर २०२०. नॉर्वे चेस चालू होतं आणि त्या दिवशी डुडाने कार्लसनला हरवलं. १२५ डाव न हरलेला माणूस हरला, मी लॅपटॉपसमोरून हललो नव्हतो. त्याच स्पर्धेत लेव्हॉन आरोनियन खेळत होता आणि त्याच्या आर्मेनियाचं अझरबैजानशी काराबाखवरून (अझरबैजानच्या सीमेतला, पण आर्मेनियन वस्तीचा भाग) युद्ध सुरू होऊन तेव्हा दोन आठवडे झाले होते. डाव संपल्यावर दुसरा टॅब उघडला तर अझरबैजानच्या संरक्षण खात्याने टाकलेला ड्रोनचा व्हिडिओ. वरून घेतलेला, काळापांढरा, मधोमध फुली. खंदकात चार-पाच पोरं बसलीयत, एकाला काहीतरी चाहूल लागते, तो उठून पळतो, फुली त्याच्या मागे मागे सरकते आणि मग स्क्रीन पांढरीफट्ट. आवाज काहीच नाही. दोन मिनिटांपूर्वी मी असाच वरून पट बघत होतो. त्या रात्री झोप लागली नाही.

मग २०२३. वर्ल्ड कप अझरबैजानच्या राजधानीत, बाकूला. आपले चार जण क्वार्टरफायनलला, प्रज्ञानंद फायनलला, कार्लसनशी दोन क्लासिकल डाव बरोबरीत आणि टायब्रेकला हार. कोपऱ्यात उभं राहून लेकाकडे बघणाऱ्या त्याच्या आईचा फोटो मीही दहा जणांना पाठवला. आणि त्याच वेळी तिथून अडीचशे-पावणेतीनशे किलोमीटरवर काराबाखमधल्या स्टेपानाकर्टमध्ये लोक पावासाठी रांगेत होते, कारण डिसेंबर २०२२ पासून आर्मेनियाला जोडणारा लाचिनचा रस्ता बंद होता. फायनल संपली २४ ऑगस्टला. १९ सप्टेंबरला अझरबैजानने काराबाखवर हल्ला केला, २४ तासांत सगळं आटोपलं आणि पुढच्या काही दिवसांत एक लाखाहून जास्त आर्मेनियन घरंदारं सोडून निघाले.

माझं म्हणणं सरळ आहे. वर्ल्ड कप, कँडिडेट्स (जगज्जेत्याचा आव्हानवीर ठरवणारी स्पर्धा), ऑलिंपियाड, जगज्जेतेपदाचा सामना, यातलं काहीही अशा सरकारला देऊ नये जे शेजाऱ्याशी लढतंय किंवा लढायच्या तयारीत आहे. त्या हॉलमधली शांतता त्यांना वापरायला मिळते आणि ती आपण देतो.

काळा_उंट:
तुमची तळमळ कळते पण गोष्ट अर्धीच सांगितलीत. काराबाख हा आंतरराष्ट्रीय कायद्याने अझरबैजानचाच भाग, १९९३ मध्ये सुरक्षा परिषदेने चार ठराव केले, आणि तरी आर्मेनियन सैन्य सव्वीस-सत्तावीस वर्षं आजूबाजूच्या जिल्ह्यांत बसून होतं. सहा लाखांच्या वर अझेरी लोक विस्थापित. अघदाम शहराचे फोटो बघा, भिंती तेवढ्या उरल्यात, छप्पर एकाही घरावर नाही. त्या लोकांच्या पोरांनी बुद्धिबळ खेळायचं नाही का? ममेद्यारोव, राजाबोव, गाशिमोव ही पिढी त्याच देशातून आली. २००९, २०१३, २०१७ अशी तीनदा युरोपियन टीम चॅम्पियनशिप त्यांनी जिंकली. विदितला त्याच वर्ल्ड कपमध्ये बाहेर काढणारा निजात अबासोव त्यांचाच. एवढं बुद्धिबळवेड जिथे आहे तिथे स्पर्धा नाही द्यायची तर कुठे द्यायची?

आणि ड्रोनचं म्हणाल तर २०२० मध्ये अझरबैजानच्या गांजा शहरात माणसं मेली ती स्कड क्षेपणास्त्रांनी, बार्दामध्ये क्लस्टर रॉकेटनी, तीही आर्मेनियन बाजूने आलेली. ड्रोन निदान रणगाड्यावर जाऊन पडतो. अख्ख्या वस्तीवर नाही.

आकाशवेध:
ड्रोनचं थोडं सांगतो, कारण या विषयावर दोन्हीकडून वाट्टेल ते बोललं जातं. २७ सप्टेंबर ते १० नोव्हेंबर, ४४ दिवस. तुर्कीचे बायरक्तार टीबी२ ड्रोन सगळ्यांना माहिती झाले, पण सुरुवात फार हुशारीने झाली. अझरबैजानने आंतोनोव्ह-२ ही पंखांच्या दोन जोड्या असलेली जुनी विमानं, १९४७ सालचं डिझाइन, जी शेतावर फवारणीला वापरायचे, ती विनावैमानिक करून पुढे पाठवली. खालून आर्मेनियाने ती पाडायला रडार चालू केलं, क्षेपणास्त्र सोडलं की जागा उघडी. मग इस्रायली हारोप (लक्ष्यावर स्वतःच जाऊन आदळणारा ड्रोन) नाहीतर टीबी२ येऊन तीच यंत्रणा उडवायचे. सोव्हिएत काळातल्या ओसा या हवाई संरक्षण यंत्रणांना हे छोटे ड्रोन नीट सापडतच नव्हते. खरं सांगायचं तर शुद्ध गॅम्बिट. प्यादं दिलं, हत्ती घेतला.

सिसिलियन_ताई:
आकाशवेध, माहिती छान दिलीत पण तो "गॅम्बिट" शब्द मागे घ्या अशी विनंती. आर्मेनियात तेव्हा मुलगा अठरा वर्षांचा झाला की दोन वर्षं सैन्यात जायचा. त्या रडारजवळ बसलेली पोरं एकोणीस-वीसची होती. दोन्ही बाजूंचे मिळून साडेसहा हजारांच्या वर सैनिक त्या ४४ दिवसांत गेले. आणि आर्मेनियात २०११ पासून शाळेत दुसरी ते चौथी बुद्धिबळ सक्तीचा विषय आहे, म्हणजे आता जे विशीत येतायत त्यांनी शाळेच्या बाकावर बसून घोड्याची चाल पाठ केलीय. मी स्वतः मुलांना शिकवते, माझ्याकडे सात-आठ वर्षांची मुलं येतात, प्यादं मारलं की उचलून पटाच्या कडेला ओळीने लावून ठेवतात. हे वाचताना मला तेवढंच दिसत होतं.

आकाशवेध:
मान्य. शब्द चुकला. यंत्रणेबद्दल बोलत होतो, माणसांबद्दल नाही, पण यंत्रणेशेजारी माणूस असतो हे खरं आहे.

किल्लेकोट_झाला:
धागाकर्ते म्हणतात स्पर्धा देऊ नका. बरं, नाही दिली, पुढे? २०१६ ला बाकूमध्ये ऑलिंपियाड झालं, आर्मेनिया आलाच नाही. २००६, २००८, २०१२ अशी तीन सुवर्णं जिंकलेला संघ! नुकसान कोणाचं झालं? अझरबैजानचं काहीही नाही झालं, अमेरिका जिंकली, सोहळा पार पडला. आरोनियन घरी बसला. बहिष्काराने नेहमी खेळाडूच मरतो. आणि शेवटी तोही युद्धामुळेच देश सोडून अमेरिकेकडून खेळायला लागला.

शेवटचं_प्यादं:
@किल्लेकोट, एक दुरुस्ती. आरोनियनने फेब्रुवारी २०२१ ला अमेरिकेकडे जायचं जाहीर केलं तेव्हा कारण दिलं होतं सरकारची बुद्धिबळाबद्दलची अनास्था. युद्धाच्या खात्यावर ते टाकू नका.

आणि २०१६ चं म्हणता तर त्याच वर्षी एप्रिलमध्ये चार दिवसांचं युद्ध झालं होतं. हारोप ड्रोन आर्मेनियन स्वयंसेवकांच्या बसवर पडला, सात जण गेले. पाच महिन्यांनी त्याच देशात ऑलिंपियाड. तुम्ही म्हणता आर्मेनियाने यायला हवं होतं, मी विचारतो फिडेने, म्हणजे जागतिक बुद्धिबळ महासंघाने, त्यांना या निवडीत ढकललंच का? यजमानपद देणाऱ्याचा दोष न येणाऱ्याच्या माथी कसा काय मारायचा?

फिडेला ठरवता येत नाही असंही नाही. २०२२ ला रशियाने युक्रेनवर हल्ला केल्यावर मॉस्कोकडून ऑलिंपियाड काढून चेन्नईला आणलं की नाही? त्या युद्धाचं समर्थन करणाऱ्या रशियन कार्याकिनवर सहा महिन्यांची बंदी घातली, कँडिडेट्समधली त्याची जागा गेली, डिंग लिरेन आत आला आणि पुढे जगज्जेता झाला. म्हणजे हात उचलता येतो. बाकूच्या वेळी का नाही उचलला?

काळा_उंट:
कारण रशियाने दुसऱ्याच्या मान्य सीमेत सैन्य घातलं आणि अझरबैजानने स्वतःच्या मान्य सीमेत. दोन्ही एका तागडीत नाही बसत. तुम्हाला आवडो न आवडो, फिडे असो की कोणी, निकष लावायचा तर तोच लागणार.

सिसिलियन_ताई:
मग जेरमुकचं काय? जेरमुक काराबाखमध्ये नाही, आर्मेनियात आहे, त्यावर कोणाचाच वाद नाही. गरम पाण्याच्या झऱ्यांचं छोटं गाव, लोक तब्येतीसाठी जातात. २००९ मध्ये तिथे फिडे ग्रांप्री झाली, इव्हानचुक जिंकला. सप्टेंबर २०२२ मध्ये त्याच गावाच्या दिशेने तोफा आणि ड्रोन आले, पाहुणे आणि गावकरी रातोरात हलवावे लागले. मान्य सीमेचाच निकष लावायचा असेल तर त्यानंतर अकरा महिन्यांत बाकूला वर्ल्ड कप कसा बसतो तेवढं सांगा.

काळा_उंट:
ताई, जेरमुकचा मुद्दा बरोबर आहे. त्याचं समर्थन मी नाही करणार.

नागमोडी:
इथे सगळे दोनच देशांवर अडकलेत म्हणून जरा मागचं सांगतो, हे कॉकेशसमध्ये पहिल्यांदा नाही झालेलं. एप्रिल २००८, जॉर्जियाचा हर्मीस ४५० ड्रोन अबखाझियावर (जॉर्जियातून फुटून निघालेला भाग) उडत होता, एक लढाऊ विमान आलं आणि क्षेपणास्त्राने त्याला पाडलं. ड्रोनच्याच कॅमेऱ्यात विमान समोर येताना, क्षेपणास्त्र सुटताना सगळं आलं, नंतर संयुक्त राष्ट्रांच्या निरीक्षकांनी विमान रशियन असल्याचं सांगितलं. ऑगस्टमध्ये प्रत्यक्ष युद्ध झालं, आणि त्याच महिन्याच्या अखेरीला महिलांची जगज्जेतेपद स्पर्धा कुठे? नालचिक. रशियाच्या बाजूचा कॉकेशस. जॉर्जियाच्या खेळाडू गेल्या नाहीत, आणखी काही जणीही गेल्या नाहीत, फिडेने जागा बदलली नाही. कोस्टेन्युक जिंकली, फायनलला होऊ यिफान हरली. आता आठवा, जॉर्जिया म्हणजे महिला बुद्धिबळाचं माहेर, गाप्रिंदाश्विली आणि चिबुर्दानिद्झे दोघी जगज्जेत्या तिथल्या. आणि जॉर्जियाशिवाय महिला जगज्जेतेपद झालं!

त्यामुळे मी धागाकर्त्यांच्या बाजूने आहे, पण बंदी हा शब्द मला नको वाटतो. नियम एकच हवा: ज्या देशाचे खेळाडू सुरक्षित आणि सन्मानाने येऊ शकत नाहीत असा एकही संघ असेल तर तिथे जगज्जेतेपदाची स्पर्धा नाही. २०१७ ला रियाधला रॅपिड-ब्लिट्झची, म्हणजे जलद डावांची, जगज्जेतेपद स्पर्धा झाली तेव्हा इस्रायली खेळाडूंना व्हिसाच मिळाला नाही. ड्रोन असो वा व्हिसा, खेळाडूच्या दृष्टीने दार बंद ते बंदच.

किल्लेकोट_झाला:
या नियमाने जगात फार थोडे देश उरतील. २०२२ ला चेन्नईच्या ऑलिंपियाडमधून पाकिस्तानने ऐनवेळी माघार घेतली. मग चेन्नईही रद्द करायचं होतं का?

नागमोडी:
चेन्नईला पाकिस्तानचा संघ येऊन पोचला होता, मशाल जम्मू-काश्मीरमधून नेली या कारणावरून त्यांच्या सरकारने परत बोलावलं. दार आपण नव्हतं लावलं. फरक आहे, आणि तो नियमात लिहिता येतो.

काळा_उंट:
एक गोष्ट कोणीच बोलत नाहीये म्हणून लिहितो. आरोनियन आणि ममेद्यारोव २०१८ च्या बर्लिन कँडिडेट्समध्ये दोनदा समोरासमोर बसले. २०१३ ला लंडनला आरोनियन आणि राजाबोव. दोन फुटांचं टेबल, हस्तांदोलन, घड्याळ सुरू, चार-पाच तास एकमेकांच्या डोक्यात काय चाललंय याचाच विचार. या दोन देशांतल्या माणसांना असं शांतपणे समोरासमोर बसायला दुसऱ्या जागा किती होत्या? ड्रोनने नेमकं तेच काढून घेतलं, मारणारा आणि मरणारा एकमेकांना बघतच नाहीत. म्हणून मला वाटतं की त्या भागातून बुद्धिबळ मागे घेणं हीच सगळ्यात मोठी चूक ठरेल. तुम्ही बाकूचा हॉल बंद करायला निघालात, मला भीती वाटते की तो हॉल आणि टेबल एकदमच जाईल.

शेवटचं_प्यादं:
हे तुमचं आतापर्यंतचं सगळ्यात वजनदार म्हणणं आहे आणि मी ते दोनदा वाचलं. पण बघा, बर्लिन आणि लंडन. टेबल दोघांचं होतं, हॉल तिसऱ्याचा होता. मी टेबल काढा म्हणतच नाहीये. आणि लांब युरोपात जायचीही गरज नाही. २०१७ चा वर्ल्ड कप जॉर्जियातल्या तिबिलिसीला झाला, ममेद्यारोवही खेळला, आरोनियन जिंकला. पेट्रोस्यान, आर्मेनियन वंशाचा पहिला जगज्जेता, जन्मला तिबिलिसीत. २०१८ चं ऑलिंपियाड जॉर्जियातल्याच बातुमीला, आर्मेनिया आणि अझरबैजान दोघेही आले. २०२५ ला आपली दिव्या देशमुख महिला वर्ल्ड कप जिंकून ग्रँडमास्टर झाली तीही बातुमीलाच. तोच कॉकेशस, दोघांनाही जवळ.

काळा_उंट:
बातुमी, तिबिलिसी मला चालेल. पण अट एक. ऑगस्ट २०२५ ला वॉशिंग्टनला दोन्ही बाजूंनी शांतता कराराच्या मसुद्यावर आद्याक्षरं केलीयत. तो प्रत्यक्षात आला आणि टिकला तर पुढची मोठी स्पर्धा बाकू आणि आर्मेनियाची राजधानी येरेवान मिळून का नाही? अर्ध्या फेऱ्या इकडे, अर्ध्या तिकडे. तेव्हा तुम्ही परत "देऊ नका" म्हणणार असाल तर मग प्रश्न ड्रोनचा नव्हताच असं मी समजेन.

शेवटचं_प्यादं:
नाही म्हणणार. दोन्ही शहरांत दोन्ही संघ उतरले, आर्मेनियाचा संघ बाकूच्या विमानतळावर आणि अझेरी संघ येरेवानला, तर पहिला डाव बघायला मी पहाटे उठून बसेन. पण त्याआधी स्टेपानाकर्टहून गेलेल्या त्या लाखभर लोकांना निदान घर बघायला तरी परत जाता येतंय का हे मला विचारायचं आहे, आणि अघदामच्या लोकांना सुरुंग न चुकवता शेतात पाय टाकता येतोय का हेसुद्धा.

सिसिलियन_ताई:
सुरुंगांचं कोणीतरी काढलं ते बरं झालं. त्यावर वेगळं लिहायला हवं, मी उद्या टाकते.