शिक्षा वाढते, पण वेगळा गुन्हा नाही

कोल्हापूर जिल्ह्यातल्या ढोलगरवाडीत सापडला तसल्या अमली पदार्थांच्या कारखान्यात लहान मुलं राहत असली तर त्यासाठी आपल्याकडं कायदाच नाही, असं म्हटलं जातं. ते अर्धंच बरोबर आहे. अमली पदार्थांविरुद्धच्या एनडीपीएस कायद्यात कलम ३२ब आहे. गुन्ह्याची झळ अल्पवयीन मुलांना बसली, तर किमान शिक्षेपेक्षा जास्त शिक्षा देताना न्यायालय ते विचारात घेऊ शकतं. मुलांकडून माल विकून किंवा पोचवून घेणाऱ्याला बाल न्याय कायदा २०१५ च्या कलम ७८ खाली ७ वर्षांपर्यंत सक्तमजुरी आहे. पण नुसतं अशा कारखान्यातल्या रसायनांच्या वाफांत मूल ठेवणं? त्याला नेमकं कलम नाही, हेळसांडीचं कलम ७५ लावावं लागतं. अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यात मेथ (मेथॅम्फेटामिन) या अमली पदार्थाच्या रसायनांच्या संपर्कात मुलाला किंवा परावलंबी प्रौढाला येऊ देणं हाच गुन्हा आहे. तसं इथं हवंच.

आपल्याकडं परावलंबी प्रौढांबद्दल मात्र कुणीच बोलत नाही. मी कोल्हापुरात दिव्यांगांच्या कुटुंबांसोबत काम करते. शेतावरच्या खोलीत रखवालदाराबरोबर अंथरुणाला खिळलेला भाऊ राहतो, अशी घरं मी पाहिली आहेत. शेजारच्या शेडमध्ये काही शिजत असलं तर तो उठून बाहेरही जाऊ शकत नाही. दिव्यांग हक्क कायदा २०१६ च्या कलम ७ नुसार अशा माणसाचा छळ किंवा शोषण होतंय असं वाटलं, तर कुणीही कार्यकारी दंडाधिकाऱ्यांना, म्हणजे आपल्या तहसीलदारांनाही, कळवू शकतं. मुलांसाठी १०९८ ही हेल्पलाइन आहेच.